बंगला कोणाच्या मापाचा?

दिघीहून बोर्ली पंचतन, किंवा श्रीवर्धनहून म्हसळा. या रस्त्यांवर एसटीत खिडकीशी बसलात तर एकदा बंगले मोजून बघा. आखाती पैशाने उभे राहिलेले, दोन मजली, पिस्ता नाहीतर गुलाबी रंगाचे. पुढे उंच कंपाउंड, गेटवर 'माशाल्लाह', वरच्या मजल्याच्या सगळ्या खिडक्या बंद. आत बऱ्याचदा एकच माणूस राहत असतं, आणि ते सत्तरीच्या पुढचं असतं.

आमच्यात वृद्धाश्रम नसतात, हे वाक्य आपल्याकडे अभिमानाने बोललं जातं. ते बऱ्याच अंशी खरंही आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा जो कायदा २००७ साली झाला, त्यात दर जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी निदान १५० जणांची सोय असलेलं एक तरी गृह टप्प्याटप्प्याने उभारायची तरतूद आहे. आपल्या आयांना तिथे जायची वेळ येत नाही. त्यांना पाच खोल्या असतात, महिन्याला पैसे येतात, रोज रात्री व्हिडिओ कॉल येतो. फक्त त्या पाच खोल्यांत पहाटे फजरच्या वजूला उठल्यावर हात कशाला धरायचा, हे घर बांधताना कोणी विचारलेलं नसतं.

माझ्या माहेरची गोष्ट सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला धडकलं. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांवरची कौलं पत्त्यांसारखी उडाली. त्या पावसाळ्यात मिळेल तो पत्रा लोकांनी डोक्यावर घेतला. पत्र्याचा एक त्रास वर्तमानपत्रांत आला नाही. पाऊस सुरू झाला की पत्र्याखाली बोललेलं ऐकू येत नाही. तरुण माणूस आवाज चढवतो. ज्याचे कान आधीच गेलेत, तो बोलणंच सोडून देतो. आमच्या शेजारच्या खाला त्या वर्षी चार महिने मुक्यासारख्या बसून होत्या. सगळ्यांना वाटलं वादळाचा धसका घेतला. दिवाळीनंतर पाऊस थांबला, तशा बोलायला लागल्या.

आमचं घर भाईजानने पाडून नवं बांधलं. तो कुवेतला असतो, तिथून नकाशा पाठवला. घर देखणं झालं, यात वाद नाही. अम्मीला खाली अटॅच बाथरूमची खोली, पांढऱ्याशुभ्र चकचकीत लाद्या, कमोड, गीझर. मुलाने आईसाठी मनापासून केलेलं काम होतं ते. आणि सहा महिन्यांनी बघते तर अम्मी परसातल्या जुन्या मोरीत वजू करायला जात होती! मागच्या दाराच्या दोन पायऱ्या उतरून, जांभ्याच्या शेवाळलेल्या फरशीवरून. दिवसातून पाच वेळा.

भाभी म्हणाली, "सवय. जुन्या माणसांचं असंच असतं."

हा 'सवय' शब्द फार सोयीचा आहे. तो उच्चारला की पुढे काही शोधायची गरज उरत नाही. शाळेतही आम्ही असंच करतो. मुलगा वाचत नाही, का? लक्ष नाही. झालं. बी.एड.ला आम्हाला कृतिसंशोधन नावाचं एक प्रात्यक्षिक होतं. शिक्षक वाचकांना आठवत असेल. बहुतेकांनी ते मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवलेलं असतं, ते सोडा. त्याची रीत मात्र चांगली आहे. अडचण नेमक्या शब्दांत लिहायची, कारणं अंदाजाने न ठरवता निरीक्षणाने शोधायची, एक लहानसा बदल करून बघायचा, आणि बदलाच्या आधी व नंतर मोजायचं.

ही कल्पना कुर्ट लेविन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली एका लेखात मांडली. जर्मनीत हिटलर आल्यावर अमेरिकेला गेलेला ज्यू माणूस. त्या लेखाचा विषय शाळा नव्हता, अल्पसंख्याकांचे प्रश्न होता. हे मला बी.एड. होऊन बऱ्याच वर्षांनी कळलं आणि तेव्हापासून या कंटाळवाण्या प्रात्यक्षिकाबद्दल जरा आपुलकी वाटते.

तर दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस माहेरी राहिले आणि वही घातली. अम्मीला सांगितलं, "तू दिवसभर काय काय करतेस ते लिहिणार आहे." ती हसली. "सरकारकडून आलीस काय?" म्हणाली. पण हरकत घेतली नाही.

पहिल्या दोन दिवसांत काही हाती लागलं नाही, कारण ती माझ्यासमोर नीट वागत होती. तिसऱ्या दिवसापासून विसरली. मग दिसायला लागलं. बाथरूमच्या दाराला ती आतून खुर्ची लावून ठेवत होती. जानमाज अंथरायची जागा किब्ल्याकडे तोंड करून, म्हणजे त्याच भिंतीला, आणि संडासाचं दार तिथून दोन हातांवर. पाक जागेला लागून नापाक जागा तिला चालत नव्हती. मुलाने लाखो रुपये घालून केलेल्या खोलीबद्दल हे बोलून दाखवायचं तिच्या जिभेवर येत नव्हतं. गंमत म्हणजे कमोड तिला आवडला होता. गुडघ्यांना आराम होता. मधल्या वेळी खुर्ची सरकवून ती तो वापरत होती. म्हणजे जुन्या माणसांना नवं नको असतं, हे भाभीचं म्हणणंही खरं नव्हतं.

वजूची अडचण निराळीच होती. नव्या बाथरूममध्ये वजूसाठी फक्त उभं राहायचं बेसिन. हात, तोंड, मसह इथवर ठीक. मग पाय धुवायला पाय उचलून बेसिनमध्ये ठेवायचा. ओल्या, चकचकीत लादीवर, एका पायावर, बहात्तराव्या वर्षी. जुन्या मोरीत बसायला दगड होता आणि नळ गुडघ्याच्या उंचीवर. ती सवयीने मागे जात नव्हती. तिने दोन जागांची तुलना करून शहाणपणाने एक निवडली होती. त्या निवडीत शेवाळलेल्या पायऱ्या आल्या, एवढंच.

आणि पडणं. मी थेट विचारलं तर म्हणाली, कधीच पडले नाही. सहाव्या दिवशी दुपारी खाला येऊन बसल्या आणि बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मोहरममध्ये पडली होती तेव्हा मीच तेल लावून दिलं." अम्मीने त्यांच्याकडे असं बघितलं की खाला चहा न पिता उठल्या. लपवायचं कारण सरळ होतं. पडल्याचं कळलं तर मुलं मुंबईला घेऊन जातील. मुंब्र्याच्या फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार पासष्टीच्या पुढच्या माणसांपैकी दरवर्षी २८ ते ३५ टक्के माणसं निदान एकदा पडतात. म्हणजे साधारण तिघांत एक. आपल्या वस्तीत कोणाला विचारा, कोणीच पडलेलं नसतं.

किनाऱ्यावरच्या गावांत हाड मोडणं ही वेगळी आफत आहे. माणगाव गाठायचं, नाहीतर त्या महामार्गाने मुंबई. खुब्याचं हाड मोडलेल्या किती म्हाताऱ्या परत आपल्या घरात चालत आल्या, हे गावातली माणसं बोटांवर मोजून सांगतील.

आता मला मिळालेली सगळ्यात उपयोगी माहिती सांगते. ती कुठल्या पुस्तकात नव्हती. नव्या पांढऱ्या भिंतींवर हाताचे डाग पडले होते. तेलकट, तपकिरी, तळहाताएवढे. भाभी दर सुट्टीत ते पुसायची आणि वैतागायची. मी पट्टी घेऊन मोजले. पलंगापासून दारापर्यंत दोन, दाराच्या चौकटीवर एक, मागच्या पायऱ्यांपाशी भिंतीवर एक फार गडद. सगळे जमिनीपासून ३१ ते ३३ इंचांच्या मध्ये. अम्मी ठेंगणी आहे. धरायची दांडी कुठे आणि किती उंचीवर बसवायची, याचा नकाशा तिने स्वतःच सहा महिन्यांत भिंतीवर काढून ठेवला होता. तो आम्ही ओल्या फडक्याने पुसत होतो.

अशा दांड्यांनी खरंच फरक पडतो का, हा भाईजानचा रास्त प्रश्न. तो हिशेबाचा माणूस आहे. त्याला मी न्यूझीलंडच्या तारानाकी भागातलं संशोधन सांगितलं. ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१५ साली आलं. त्यांनी ८४२ घरं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली. एका गटातल्या घरांत लगेच सुतारकाम केलं, दुसऱ्या गटाला तीन वर्षं थांबवून मग. काम तरी काय? जिन्यांना आणि बाहेरच्या पायऱ्यांना कठडे, न्हाणीत धरायच्या दांड्या, बाहेर दिवे, पायरीच्या कडेला उठून दिसणारी पट्टी, ओल्या होणाऱ्या लाकडी ओट्यांवर न घसरणारा थर. बस. घरात पडून होणाऱ्या दुखापती पहिल्या गटात २६ टक्क्यांनी कमी निघाल्या. पुढे २०२३ मध्ये जगभरच्या अशा प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला, त्यात जे आधीच पडलेले आहेत किंवा ज्यांना पडायचा धोका जास्त आहे, त्यांच्या घरांत असे बदल केल्यावर पडणं ३८ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. यात कुठे मोठं यंत्र नाही, औषध नाही. गवंडी आणि सुतार आहे.

गवंड्याशी मात्र भांडावं लागलं. मागच्या दाराच्या पायऱ्या नऊ-नऊ इंचांच्या होत्या. मी म्हटलं सहा करा, दोनच्या तीन होऊ देत. तो म्हणाला, "बाई, सगळीकडे असंच करतात." मी त्याला विचारलं, तुमची आई कुठल्या पायरीवर बसून उतरते? तो थोडा वेळ गप्प राहिला. त्याची आईही बसूनच उतरत होती. पुढचं काम त्याने न सांगता नीट केलं.

केलं ते असं. बाथरूमचं खोलीतलं दार विटांनी बुजवलं आणि बोळात नवं पाडलं, बाहेरच्या बाजूला उघडणारं. आत कोणी पडलं आणि दार आत उघडणारं असेल तर पडलेल्या माणसाच्या अंगानेच ते अडतं, हे डोक्यात ठेवण्यासारखं आहे. आत कोपऱ्यात सतरा इंचांचा ओटा बांधला, समोर गुडघ्याच्या उंचीवर नळ, पाणी निघून जायला उतार, उजव्या हाताला दांडी. सतरा इंच कारण अम्मीच्या गुडघ्यापर्यंतची उंची तेवढी आहे. तुमच्या अम्मीची वेगळी असेल, मोजा. चकचकीत लाद्या काढून खरखरीत बसवल्या. डाग होते तिथे दांड्या लावल्या. पायऱ्यांच्या कडांना पिवळा ऑइलपेंट. बोळात दुप्पट उजेडाचा दिवा, कारण साठीतल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. आपल्याला पुरेसा वाटणारा दिवा तिला संध्याकाळ वाटतो. सगळा खर्च भाईजानने मागच्या सुट्टीत आणलेल्या मोबाइलपेक्षा कमी झाला. हे मी त्याला मुद्दाम सांगितलं.

नंतर पुन्हा पंधरा दिवस वही. मागच्या मोरीकडे जाणं आठवड्याभरात बंद झालं. रात्री उठून जाताना ती दांडी धरते, भिंतीवर नवे डाग नाहीत. एक दांडी मात्र तिने एकदाही वापरली नाही. कमोडशेजारची, जी कंपनीच्या चित्रात दाखवतात तशी बसवली होती. ती टॉवेल टांगायला उपयोगी पडते.

एवढ्यावर भाईजानचा उत्साह वाढला आणि त्याने दुसरं टोक गाठलं. आता अम्मीने काहीच करायचं नाही, सगळं उंचावर ठेवा, खाली बसू देऊ नका, पूर्णवेळ बाई ठेवा. इथे मी अडून राहिले. अम्मी रोज दुपारी पाटावर बसून सुपारी कातरते. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचा तो अडकित्ता तिच्या सासूचा आहे. जमिनीवरून उठताना तिला वेळ लागतो, पण ती उठते. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी ५१ ते ८० वयाच्या २००२ माणसांना फक्त एवढंच करायला लावलं होतं, जमिनीवर बसा आणि उठा. ज्यांना ते कमी आधाराने जमलं, ती पुढच्या वर्षांत जास्त जगलेली आढळली. बसण्या-उठण्यानेच आयुष्य वाढतं, असं यावरून सिद्ध होत नाही. पण जे जमतंय ते काढून घेऊ नये, इतपत अक्कल त्यावरून यावी. अमेरिकेतल्या पॉवेल लॉटन या संशोधकाने १९७३ मध्ये हेच सिद्धान्ताच्या भाषेत मांडलं. घर माणसाच्या ताकदीपेक्षा फार अवघड असेल तर माणूस मोडतो, आणि फार सोपं केलं तर ताकद गंजते. नमाजचंही तसंच. फजर ती अजून जमिनीवर सजदा करून पढते, इशाला खुर्ची घेते. खुर्ची कधी घ्यायची हे ती ठरवते.

राहिला कंपाउंडचा प्रश्न. जुन्या घराला पडवी होती. पडवीत बसलं की रस्ता दिसायचा. मासे घेऊन जाणारी कोळीण, शाळेची मुलं, मशिदीतून परतणारी माणसं, कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाचा जनाजा निघाला. नव्या घराला सहा फूट भिंत आहे. अम्मीच्या खिडकीतून भिंत दिसते आणि भिंतीवरून थोडं आकाश. माझ्या वहीत पंधरा दिवसांत तिने गेटपर्यंत जाऊन उभं राहिल्याच्या नोंदी त्रेचाळीस आहेत. काही काम नसताना, नुसती उभी. १९८४ मध्ये रॉजर उलरिक यांनी पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. सगळ्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. अर्ध्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, अर्ध्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामकं कमी लागली. ते रुग्ण काही दिवसांचे पाहुणे होते. आपण आईला विटांची भिंत कायमची दाखवतो.

भाईजान म्हणतो, भिंत सुरक्षेसाठी आहे, एकट्या बाईचं घर. त्याचं चुकत नाही. मी म्हणते, रस्त्याच्या बाजूची तीन फूट ठेवू आणि वर जाळी. रस्त्यावरच्यांना ती दिसली, तर ती एखाद्या दिवशी दिसली नाही हेही त्यांच्या लक्षात येईल. त्यावर तो 'बघू' म्हणतो.

हे सगळं एका घरापुरतं राहिलं असतं, तर इथे लिहिलं नसतं. माझ्या आठवीच्या वर्गाला मी एक गृहपाठ दिला. दादी किंवा नानीच्या पलंगाची उंची, तिच्या गुडघ्याची उंची, पलंगापासून संडासापर्यंत पावलं, मध्ये उंबरठे आणि पायऱ्या किती, आणि पलंगावर पडल्या पडल्या दिव्याच्या बटणाला हात पोचतो का. निम्म्या मुलांनी उर्दूत लिहून आणलं, निम्म्यांनी मराठीत, एकाने दोन्हीत. मोजमापं गणिताच्या तासाला वापरली. बटणाला हात पोचत होता अशी घरं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. एका मुलीने खाली आपणहून लिहिलं होतं, "दादी रात्री पाणी पीत नाही, म्हणजे उठावं लागणार नाही." रात्री संडासाला जायला लागू नये म्हणून म्हातारी माणसं तहान मारतात, हे तेराव्या वर्षाच्या मुलीने शोधून काढलं.

देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर वार्धक्याचा मोठा अभ्यास केला, पंचेचाळिशीच्या पुढच्या ७२ हजारांहून जास्त माणसांचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ३३ शहरांतल्या ज्येष्ठांनाच विचारून वृद्धस्नेही शहरांची मार्गदर्शिका काढली, त्यात आपली दिल्ली आणि उदयपूर होती. कॅनडाने त्याच वर्षी खेड्यांसाठी वेगळी केली. ही कामं मोठी आहेत, ती व्हायलाच हवीत. पण म्हसळ्याच्या एखाद्या मोहल्ल्यातल्या नानीच्या दारापुढची ओली जांभ्याची पायरी त्यांच्यात येणार नाही. ती नात बघू शकते, तिच्याकडे मोजपट्टी असते.

मशिदीच्या कमिटीतल्या एका बुजुर्गांनी हा गृहपाठ नातवाच्या वहीत पाहिला आणि मला निरोप पाठवला. वजूखान्यातल्या दगडी बैठका फार खाली आहेत, बसलं की उठवत नाही, म्हणून काही जण घरीच नमाज पढतात. माप काय ठेवावं? मी कळवलं, माप माझ्याकडे मागू नका. जे हल्ली येत नाहीत त्यांच्या घरी जा, त्यांच्या गुडघ्यांची उंची मोजा, आणि सगळ्या बैठका सारख्या करू नका. चार उंच केल्यात, दोन दांड्या बसवल्यात. जुम्याला त्या चारांवर कोण आधी बसतं यावरून कुरबुर होते म्हणे. म्हणजे आणखी दोन हव्यात.

भाईजानचा परवा रात्री फोन आला. तो चोपन्नचा झाला, आणखी तीन-चार वर्षांनी कायमचा परत यायचं म्हणतो. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, तो ओटा किती इंचांचा केला होतास? मी म्हटलं, अम्मीसाठी सतरा. तू तिच्यापेक्षा उंच आहेस, या सुट्टीत आलास की मोजू. भिंतीचं अजून ठरलेलं नाही.